फटीत काय भरायचं

माझी सून काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगते, फटी बुजवते. ऐकणारा आधी हसतो, मग "म्हणजे नक्की काय?" म्हणतो. शेजारीण तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही पाडायच्या आणि तिनं बुजवायच्या, तेच ना?" तोंडावर इतकं खरं बोलणारी शेजारीण नशिबानं मिळते, म्हणून तिचा चहा मी अजून बंद केलेला नाही.

पण काम खरंच तेच आहे. हल्ली घरं नव्या पद्धतीनं बांधतात. थर्माकोलचे मोठाले पोकळ ठोकळे येतात, दोन्ही अंगांना थर्माकोलची जाड पाठ आणि मध्ये रिकामं पोट. ते एकावर एक रचत न्यायचे, पोटात सळया उभ्या करायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट आत घट्ट होतं, थर्माकोल बाहेर तसाच राहतो, त्यावर गिलावा चढतो. थंडीत घर उबदार, उन्हात गार. माझा मुलगा या कामावर मिस्त्री आहे. त्यानं पहिल्यांदा ठोकळा दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अरे, हे तर टीव्हीच्या खोक्यातलं. यात माणसं ठेवणार?"

तो म्हणाला, "आई, खोक्यातला टीव्ही फुटला का कधी?"

मी ठोकळ्याला एक टिचकी मारली आणि चहा टाकायला उठले, म्हणजे हरले. असं वर्षातून एकदाच होतं.

आता, ठोकळे कारखान्यातून सरळ येतात, पण घर कुठे सरळ असतं? कुठे खिडकी येते, कुठे जिना येतो, कुठे भिंत तिरकी वळते. तिथे ठोकळा कापावा लागतो आणि कापलं की फट आलीच. ओलं काँक्रीट भयंकर जड. ते चहूकडून ढकलतं आणि जिथे भिंत कच्ची, तिथून बाहेर यायला बघतं. फट मोठी असली तर येताना ठोकळाही घेऊन येतं. भिंत फुटली म्हणतात त्याला. मी पाहिली आहे फुटलेली भिंत. जमिनीवर राखाडी ढीग, आणि माणसं फावडी घेऊन धावताहेत, कारण सुकायच्या आत उपसलं नाही तर तो ढीग तिथेच मुक्काम ठोकतो. मग छिन्नी-हातोडा घेऊन बसा.

तर अशा फटी बुजवायचं काम माझ्या सुनेकडे कसं आलं, ते सांगते.

ती मूळची बेकरीतली. केक सजवायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते काचेपलीकडून, पाव आणायला गेले होते तेव्हा. क्रीमची पिशवी हातात, मान थोडी कलती, आणि केकच्या कडेनं फुलं उमटत चाललेली. मला फुलांचं एवढं वाटलं नाही. फुलं कुणीही काढेल. मी पाहत होते ती फूल संपवायची कशी ते. मनगटाला एवढासा हिसका, की क्रीम तुटलं. शेपूट नाही, थेंब नाही. मी आयुष्यभर स्वयंपाकघरात राबलेली बाई. सुरू करणं सोपं असतं, थांबवणं कठीण, हे मला कळतं. पुढे माझ्या मुलालाही त्या दुकानातला पाव फार आवडायला लागला. घरात पावाचे ढीग साचले तेव्हा मी म्हटलं, आता लग्नच करून टाक, पाव तरी कमी होतील.

लग्नानंतरही ती बेकरीत जातच होती. एकदा संध्याकाळी पाय दाबत बसली होती, तेव्हा म्हणाली, "आई, दिवसभर हात चालतो आणि दुकान बंद होताना बघावं तर काहीच शिल्लक नसतं. लोकांनी खाल्लं, चांगलंच झालं. पण मी केलेलं एखादं तरी मागे राहावं असं वाटतं."

मी म्हटलं, "मग माझ्यासारखी पोरं वाढव. मागे राहतात, आणि मागेच लागतात."

ती हसली, पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं.

बेकरीवाल्याचे गुडघे गेले आणि त्यानं दुकान विकलं. तिथे आता मोबाइल मिळतात. सून घरी बसली. बसली म्हणायचं, पण माझ्या स्वयंपाकघरातली एकही बरणी जागेवर राहिली नाही. मीठ शोधायला मला तिला हाक मारावी लागायची. मुलानं ओळखलं की दोन बायका आणि एक ओटा हे गणित फार दिवस सुटायचं नाही. तो म्हणाला, "साइटवर ये. थर्माकोलचा चुरा झाडायला कुणीतरी हवंच आहे."

तो चुरा म्हणजे काय प्रकार आहे ते ज्याच्या घरात आला त्यालाच ठाऊक. ठोकळा करवतीनं कापला की पांढरे दाणे उडतात आणि जिवाला चिकटतात. झटकले की हाताला, हात झटकला की बाहीला. मुलाच्या भुवयांत असायचे, चहाच्या कपात असायचे. माझ्या उशीत एक सापडला, आणि मी तर तोवर कधी साइटवर गेलेलेही नव्हते.

ती झाडायची आणि झाडता झाडता बघायची. तिला दिसलं की फटीत काय भरायचं याचा कुणाला धरबंध नाही. हाताशी असेल ते कोंबायचं. सिमेंटच्या गोणीचा कागद, चिंध्या, लाकडाच्या ढलप्या. मग एक दिवस खालच्या कोपऱ्यातून भिंत फुटली. दिवसभर सगळे उपसत होते. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "त्या कोपऱ्यात नुसता कागद होता."

"मग सांगायचंस."

"कुणाला? तुम्ही वर सळया बांधत होतात. आणि झाडूवालीनं हाक मारली तर माणूस पाय उचलतो, मान नाही वळवत."

दुसऱ्या दिवशी त्यानं ठेकेदाराला सांगितलं, फटी हिच्याकडे देऊन बघू.

ठेकेदार माणूस वाईट नाही. आवाज मोठा, पण पोटात काही ठेवत नाही. मला मावशी म्हणतो. तो म्हणाला, "वहिनींचा हात चांगला आहे म्हणतोस, तर देऊ." आणि गाडीत पडलेला फोमचा डबा तिच्या हातात ठेवला. हा फोम म्हणजे डब्यात दाबून भरलेला चिकट फेस असतो. डब्याला बंदूक लावायची, चाप ओढला की नळीतून फेस येतो, फटीत फुगतो आणि सुकून कडक होतो. बंदूक हातात घेतली आणि ती म्हणाली, "ही तर पिशवीच आहे. फक्त लोखंडाची."

आणि इथेच घोटाळा झाला. बेकरीतल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाकडून झालाच नसता.

तिनं खिडकीच्या बाजूची फट भरली, एकसारखी, शेपूट न ठेवता. बघणारे वा म्हणाले. हवा कोरडी होती आणि फेस काही मनासारखा फुगेना. आता न फुगणारं पीठ बेकरीवाली काय करते? ओलं फडकं टाकते. हिनंही टाकलं. चांगलं निथळतं ओलं फडकं भिंतीवर दाबून बसवलं, वरून पाण्याचा हबकाही मारला, आणि समाधानानं घरी आली. या फोमला पाणी लागतं हे तिनं बरोबर ताडलं होतं. पण तो डबा होता मोठ्या भगदाडांसाठीचा, भरमसाट फुगणारा. त्यात पाणी मिळालेलं.

सकाळी फडकं भिंतीपासून हातभर पुढे आलेलं होतं. फेसानं खिडकीकडचा ठोकळा ढकलून आत घातला होता आणि वरची ओळ उचलून धरली होती. ओळंबा सोडला तर दोरी एकीकडे आणि भिंत दुसरीकडे. ठेकेदार कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, हिला कितवा महिना?"

सगळे हसले. तीही हसली, पण घरी येऊन जेवली नाही.

ठेकेदारानं जाताना जे सांगितलं ते मात्र हसण्यावारी नव्हतं. "जिन्याची उंच भिंत पुढच्या आठवड्यात भरायची आहे. तिच्या फटींत काय भरायचं ते ठरवा आणि भरा. धरली तर फटी कायमच्या तुमच्या. फुटली तर मला दुसरा माणूस आणावा लागेल आणि तुम्ही झाडू घ्या. राग मानू नका."

राग कसला मानायचा. त्याच्याही डोक्यावर मालक होता. पण मला दिसत होतं की हिच्या जिवाला लागलंय. केकचं फूल खाल्लं जातं, भिंत राहते. ती भिंत हातातून निसटायला आली होती.

त्यानंतरचा आठवडा माझ्या घरानं जो सोसला तो सोसला. ती पोतं भरून थर्माकोलचे तुकडे घेऊन आली आणि मागच्या दाराच्या पायरीवर मांडले. दोन तुकडे, मध्ये फट. एक फट नखाएवढी, एक बोटाएवढी, एक चांगली तीन बोटं. मग प्रत्येकीत निरनिराळं भरून बघायला लागली.

मी म्हटलं, "अगं, हे काय मांडलंयस?"

"चव बघतेय, आई."

आधी सिमेंटमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरला. सुकल्यावर दगडासारखं झालं. मीच म्हटलं, हे बरं आहे की. तिनं अंगठ्यानं दाबलं तर अख्खी लादी दुधाच्या दातासारखी बाहेर आली. सिमेंट थर्माकोलला धरतच नाही. वर मुलानं सकाळी येऊन त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा तुकडा गार पडलाय, बाजूचा बघ, नाही पडला. म्हणजे थंडी इथून घरात येणार. मग थर्माकोलचं घर बांधलंच कशाला?" माझा मुलगा बोलतो कमी, पण बोलला की उपयोगाचं बोलतो. बापावर गेलेला नाही.

मग चपला चिकटवायचा गम आणला. कशालाही चिकटतो असं त्यावर लिहिलेलं होतं. तिनं भरला आणि आम्ही चहा प्यायला आत आलो. बाहेर जाऊन पाहिलं तर फट बोटाएवढी होती ती मुठीएवढी झालेली. गमानं थर्माकोल खाऊन टाकला होता. मी जन्मात पुष्कळ खादाड पाहिले, पण बुजवायला बसवलेला आणि ताटच खाऊन बसलेला पहिलाच.

ती मात्र हसली नाही. खाली बसून त्या भोकाकडे बघत राहिली. म्हणाली, "बरं झालं इथे झालं. भिंतीत झालं असतं तर बाहेरून दिसलंही नसतं."

मग ती दुकानात जाऊन नीट विचारून आली. फोममध्येही दोन जाती असतात, एक भरमसाट फुगणारी, एक बेतानं फुगणारी. बेताची आणली. ओल्या फडक्याच्या जागी नुसत्या ओल्या बोटानं फटीची कड पुसली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. नखापेक्षा मोठ्या आणि बोटापर्यंतच्या फटींत हा फोम छान बसला. ठोकळे जागचे हलले नाहीत. राहिली तीन बोटांची फट. तिथे मात्र फेस पोटात खचायचा आणि मध्ये पोकळी राहायची. पायरीवर तिनं तुकड्यांचं खोकं जुळवून त्यात ओली वाळू ठासली आणि माझ्या लाटण्यानं बाहेरून धडाधड ठोकलं, कारण काँक्रीट ओततानाही ते असंच थरथरवतात म्हणे. तीन बोटांची फट फुटली. पुन्हा भरली, पुन्हा फुटली. माझी पायरी वाळवंट झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाव कापत होते. कड वाकडी कापली गेली म्हणून मी एक चतकोर काढून दुसरीकडे लावून बघत होते. म्हातारपणी असले चाळे सुचतात. ती बघत होती. एकदम म्हणाली, "थर तोकडा पडला तर आम्ही काय करायचो?"

"मला काय विचारतेस? मी खाणाऱ्यांतली."

"क्रीमनं नाही भरायचो, आई. क्रीम खचतं. केकचाच तुकडा कापून बसवायचा आणि क्रीम नुसतं कडेला, चिकटवण्यापुरतं."

आणि माझ्या हातातली पाव कापायची सुरी घेऊन ती मागच्या दारी गेली. अर्धा कापलेला पाव माझ्या हातात. तिनं त्या सुरीनं थर्माकोलचा तुकडा कापला, फटीपेक्षा केसभर जाड, अंगठ्यांनी दाबून बसवला आणि भोवती फेसाची बारीक रेघ ओढली. दातेरी सुरीनं थर्माकोल फार सुबक कापला जातो, हे त्या दिवशी कळलं. सुरीला मात्र मी त्या दिवशी रामराम ठोकला.

सकाळी वाळू ठासली, लाटणं चाललं. मीही दोन ठोके दिले, आठवडाभराचा हिशेब होता. फट धरली.

जिन्याच्या भिंतीच्या फटी तिनं त्याच पद्धतीनं केल्या. रुंद तिथे तुकडा, बोटाएवढ्या फटीत फोम, आणि कापलेल्या प्रत्येक सांध्यावर बाहेरून आडवी फळी, स्क्रूनं आवळलेली. फळीचं ठेकेदारानं सांगितलं होतं, आणि तिनं ते कान देऊन ऐकलं. नखाएवढ्या फटी मात्र तशाच ठेवल्या. ठेकेदारानं बोट दाखवलं, "या राहिल्या."

"राहू द्या. एवढ्याशा फटीतून खडी येत नाही. थोडं पाणी येईल आणि सिमेंटचा गाळ बसून तीच बुजेल. त्यात फेस कोंबला तर उगाच ठोकळे हलतील."

"पायरीवर बघितलंत?" घरची हकिगत मुलानं त्याला सांगितलेली होती.

"बघितलं."

"मी तुमच्या पायरीवर भिंत नाही उभारत आहे, वहिनी." एवढं म्हणून तो गेला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मी जेवणाचा डबा द्यायचं निमित्त करून साइटवर गेले आणि बादली पालथी घालून बसले. पंपाची जाडजूड नळी वर गेली, मुलगा ती धरून, आणि ठेकेदार खालून ओरडत होता, "हळू, थराथरानं. घाई करायची नाही." काँक्रीट पडायला लागलं की भिंतीच्या पोटात गडगडतं. सून खालून फिरत होती, तळहात भिंतीवर टेकवून. भट्टी किती तापली ते बघायला बेकरीवाले असेच दाराला हात लावतात. एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर, वाकून, उंच होऊन.

भिंत निम्मी भरली आणि खिडकीखालून राखाडी पाणी झिरपायला लागलं. तिनं सोडून दिलेलीच नखाएवढी फट. पाण्याची रेघ खाली आली आणि जमिनीवर थेंब पडायला लागले. साइटवर सगळे थांबले. कुणीतरी फावडं उचललं. माझ्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं, तेवढाच आवाज.

ठेकेदार म्हणाला, "वहिनी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. वर हात केला. "नळी पलीकडच्या टोकाला घ्या. इथे थोडा वेळ काही ओतू नका." मुलानं नळी सरकवली. एकानं धावत फोमची बंदूक आणून तिच्यापुढे धरली. ती तिनं घेतली नाही. फटीवर तळहात ठेवून उभी राहिली. बोटांमधून पाणी येत होतं. आधी गढूळ, मग दाट, मग नुसती ओल. तिनं बोटानं रेघ पुसली आणि बघत राहिली. पुन्हा ओलं झालं नाही.

"बुजली," ती म्हणाली. "आता या."

नळी परत आली. भिंत वरपर्यंत भरली. खिडकीखालच्या त्या जागी फक्त एक राखाडी डाग राहिला, वाळलेल्या चहासारखा.

ठेकेदारानं ओळंबा सोडला. दोरी भिंतीला समांतर. त्यानं खालून पाहिलं, वरून पाहिलं, पुन्हा खालून पाहिलं. मग फोमची बंदूक उचलली, तिच्यावरचा जुना फेस आपल्या खिशातल्या चाकूनं खरवडला आणि बंदूक सुनेच्या हातात दिली. "स्वच्छ ठेवत जा. नळी तुंबली की रडवते," म्हणाला. तोंडावर स्तुती करणाऱ्यांतला तो नाहीच. जरा पुढे जाऊन मागे वळला. "परवा पलीकडच्या घराचे कोपरे कापायचे आहेत. कापायच्या आधी येऊन बघा. फटी कमी कशा पडतील ते तुम्हीच सांगा."

"येते," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा खाली बसली. माझ्या बादलीशेजारी, जमिनीवरच. तिचा तळहात सिमेंटनं राखाडी झाला होता. मी पदरानं पुसायला लागले तर म्हणाली, "राहू द्या, आई. घरी गेल्यावर धुते."

मी डबा तिच्यापुढे ठेवला. आठवडाभरानं ती पोटभर जेवली, त्या भिंतीला पाठ टेकून. त्या दिवशी काँक्रीट ओलं होतं, टेकायला नको होतं, असं मुलगा म्हणाला. ती म्हणाली, "धरेल."

आता इथल्या पुष्कळ घरांत तिच्या हातचे सांधे आहेत. वर गिलावा झाला आहे, रंग झाला आहे, आत राहणाऱ्यांना माहीतही नाही. तिला आहे. रस्त्यानं जाताना ती एखाद्या घराकडे नुसती मान करते, ओळखीच्या माणसाला करावी तशी.

थर्माकोलचा चुरा अजून उडतोच, आणि झाडायला कुणीतरी लागतंच. सळया बांधून झाल्या की झाडू सध्या माझ्या मुलाकडे असतो. आणि मी नवी सुरी आणली. ती मी उशाशी घेऊन झोपत नाही एवढंच.